सोसायटीत योगा क्लास घेते, ताडासनातच अर्धा तास जातो आणि लोक पळतात. अय्यंगार गुरुजींनी लोकांना कसं धरून ठेवलं असेल?

शवासनप्रेमी_डोंबिवली

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितीये, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझं वय ४१. चौदा वर्षं नोकरी केली, लोकलचे धक्के आणि दिवसभर खुर्ची, मग कंबरेने राजीनामा दिला आणि तिच्या मागोमाग मी. त्या दुखण्यात अय्यंगार पद्धतीने (पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची) शिकवणाऱ्या एका बाईंकडे जायला लागले, सहा वर्षं गेले, कंबर सुधारली, आणि गेल्या वर्षी त्याच म्हणाल्या आता तू घे क्लास. म्हणून सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सकाळी सहाचा क्लास सुरू केला. पहिल्या आठवड्यात चौदा जण होते. आज पाच. त्यातले दोन माझे सासू सासरे.

प्रॉब्लेम असा की मी जशी शिकले तशीच शिकवते. ताडासन म्हणजे नुसतं उभं राहणं नाही, अंगठ्याखालचा उंचवटा जमिनीला लागला पाहिजे, टाचेचं वजन दोन्हीकडे सारखं, गुडघ्याच्या वाट्या वर, मांड्या मागे, खांदे कानांपासून लांब, हे सगळं सांगेपर्यंत वीस पंचवीस मिनिटं जातात. परवा दुसऱ्या मजल्यावरचे काका सरळ म्हणाले, मॅडम आम्ही घाम काढायला येतो, तुम्ही अंगठाच दाबायला लावता. शेजारच्या सोसायटीत झुंबा आहे, तिकडे गाणी लागतात, माझी अर्धी जनता तिकडे.

वर माझा आवाज चढतो. एका काकूंचा गुडघा आत वळत होता, तीनदा सांगितलं, चौथ्यांदा ओरडले, त्या आल्याच नाहीत परत. मग मीच स्वतःला समजावते की गुरुजी पण कडकच होते म्हणे. पण त्यांच्याकडे जगभरातून लोक येऊन रांगा लावायचे आणि माझ्याकडे लिफ्टने खाली यायला लोक तयार नाहीत.

तर ज्यांनी त्यांना बघितलंय किंवा त्यांच्या पद्धतीत बरीच वर्षं आहेत त्यांनी सांगा ना, ते हे सगळं शिकवायला कसे शिकले? आणि मी काय करू, सरळ रोज बारा सूर्यनमस्कार घालून मोकळी होऊ का?

पेठेतला_म्हातारा

ताई, तुमचा प्रश्न वाचून हसलो, मग जरा वाईटही वाटलं. मी ८६-८७ च्या सुमारास मॉडेल कॉलनीतल्या इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षं जात होतो, पाठीसाठीच. तेव्हा गुरुजी रोजच्या वर्गांमधून रीतसर निवृत्त झालेले होते, वर्ग त्यांची मुलगी गीताताई, मुलगा प्रशांतजी आणि बाकीचे शिक्षक घ्यायचे. पण सकाळी ते त्याच हॉलमध्ये स्वतःचा सराव करत असायचे. मी एकदा पाहिलं ते अजून डोळ्यासमोर आहे, कमानीसारख्या लाकडी बाकावर पाठ टाकून, डोकं मागे सोडून हा माणूस पडलेला, डोळे मिटलेले, सत्तरीच्या घरातलं वय, मी घड्याळ बघत होतो आणि घड्याळ बघून मीच दमलो पण ते काही हलेनात. आजूबाजूला परदेशी पोरं पोरी आपापलं करतायत, कोणी दोरांना लटकलंय, कोणी खुर्चीवर उलटं.

आता ते शिकवायला कसे शिकले, तर गंमत अशी की आधी शिकवावं लागलं आणि मग शिकले. जन्म १४ डिसेंबर १९१८, कर्नाटकात कोलार जिल्ह्यातलं बेल्लूर, इन्फ्लुएंझाची साथ चालू, आई त्याच तापात. तेरा भावंडांत अकरावे. पुढे मलेरिया, टायफॉइड, क्षय, काही म्हणता काही सोडलं नाही. वडील शाळामास्तर, ते हे नऊ वर्षांचे असताना गेले. हातपाय काड्या, पोट पुढे, मान सरळ राहायची नाही, असं त्यांनीच स्वतःचं वर्णन केलेलं आहे. १९३४ ला बहिणीचे यजमान टी. कृष्णम्माचार्य यांनी म्हैसूरला बोलावून घेतलं. महाराजांच्या आश्रयाने जगनमोहन पॅलेसमध्ये त्यांची योगशाळा होती. पण मेहुण्याला शिकवण्यात त्यांना सुरुवातीला काही रस नव्हता, घरकाम करायचं आणि बागेला पाणी घालायचं. त्यांचा आवडता पठ्ठ्या एक दिवस पळून गेला, प्रात्यक्षिक तोंडावर आलेलं, तेव्हा कुठे ह्यांचा नंबर लागला आणि थोड्या दिवसांत ढीगभर आसनं अंगात कोंबली.

हनुमानासनाचा किस्सा माहितीये का? एका कार्यक्रमात गुरूंनी हुकूम सोडला, कर हनुमानासन. म्हणजे पाय पुढेमागे पूर्ण ताणून जमिनीवर बसायचं, ह्यांनी ते कधी केलेलंच नाही. पोरगं घाबरलं, सबब सांगितली की चड्डी फार घट्ट शिवलीये, पाय फाकणार नाहीत. (त्या काळची हनुमान चड्डी, शिंपी अशी शिवायचा की बोट जायचं नाही आत.) गुरूंनी कात्री मागवली, चड्डी दोन्हीकडून कापायला लावली आणि म्हणाले, आता कर. केलं! मांडीमागचे स्नायू फाटले आणि पुढे कितीतरी काळ नीट चालता येत नव्हतं.

आता सांगा, ज्याच्या अंगावर हे झालंय तो माणूस पुढे आयुष्यभर काय बघेल? कुठला स्नायू किती ताणला, सांधा कुठे वळला, टाच कुठे टेकली, हेच ना. तुमचं ते अंगठ्याखालचं उंचवट्याचं प्रकरण अशा मांडीतून आलंय.

पुण्याचं पुढच्या वेळी लिहितो, नातू कॉम्प्युटर मागतोय.

चिमटा

काकांनी छान सांगितलं, पण मी जरा उलटा सूर लावतो, कारण ह्या विषयावर सगळे लगेच हात जोडून उभे राहतात.

बी. के. एस. म्हणजे बँग, किक, स्लॅप असा विनोद त्यांचे परदेशी विद्यार्थीच करायचे, हे काही गुपित नाही. थापट मारून स्नायू जागा करायचे ते. त्या काळात, त्या माणसाकडून, लोकांनी ते घेतलं. आज क्लबहाऊसमध्ये तुम्ही त्या काकूंच्या गुडघ्याला फटका मारून बघा, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय होतं ते. आणि ताई, रागावू नका पण तुमचं लॉजिक असं झालंय की मोठा गवई मैफलीत चिडायचा म्हणून मी पण चिडते. चिडणं कॉपी करणं सगळ्यात सोपं असतं.

दुसरं, सूर्यनमस्कारांना कमी लेखू नका हो. आपल्याकडे औंधच्या पंतप्रतिनिधींनी, म्हणजे राजेसाहेबांनी स्वतः, शंभर वर्षांपूर्वी सूर्यनमस्काराचा एवढा प्रचार केला की अख्ख्या संस्थानात शाळेतली पोरं घालायची. ज्या माणसाला घाम हवाय त्याला पहिली दहा मिनिटं घाम द्या, मग करू दे ना ताडासन, थकलेला माणूस निमूट उभा राहतो.

आणि कडक म्हणजे घाबरट नव्हे, हे पण लक्षात घ्या. ह्याच गुरुजींनी १९५८ मध्ये बेल्जियमच्या राणीला, एलिझाबेथला, शीर्षासन शिकवलं. बाई ऐंशी उलटलेल्या होत्या. तुमच्या सासऱ्यांना खुर्चीवरून उठवायला तुम्ही किती दिवस लावताय?

सांधेदुखी_नाशिक

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे चिमटा यांचं शेवटचं वाक्य वाचून घाम फुटला 😅 ताई, प्लीज कोणाला राणी बनवू नका. काचबिंदू, न आटोक्यात असलेलं बीपी, मानेचा त्रास, यातलं काही असेल तर उलटं काहीच नको. पहिल्या दिवशी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारा, लिहून ठेवा. साठीच्या पुढचे लोक चारचौघांत गोळ्यांबद्दल बोलत नाहीत, विशेषतः पुरुष.

आता मुद्द्याचं. तुम्ही गुरुजींच्या सूचना घेतल्या पण सामान घेतलं नाही असं वाटतंय. तुमच्या पोस्टमध्ये एकदाही वीट, पट्टा, लोड, खुर्ची काही आलं नाही! अहो अर्धी पद्धत तीच आहे. तोंडाने शंभर वेळा सांगून जे होत नाही ते एका विटेने होतं.

त्रिकोणासन घ्या, पाय फाकवून बाजूला वाकायचं ते. काका खाली वाकतात, हात जमिनीला लावायचा हट्ट, मग गुडघा वाकतो, छाती जमिनीकडे वळते, पार्श्वभाग मागे जातो. तुम्ही ओरडत बसता, छाती उघडा, गुडघा सरळ. ते कसं उघडणार, मांडीमागचा स्नायूच आखूड आहे, तो कटीला खाली ओढून धरतोय. पायाच्या बाहेरच्या बाजूला वीट उभी ठेवा, हात त्यावर. जमीन नऊ इंच वर आली. छाती आपोआप वळते, तुम्हाला बोलावंच लागत नाही. विटेवर नाही पोचत तर खुर्चीवर हात. खुर्चीवर नाही तर भिंतीला पाठ लावा.

सर्वांगासनाचं पण तसंच, सपाट जमिनीवर केलं की मानेच्या मणक्यांवर दाब येतो, म्हणून घडी घातलेल्या चादरी खांद्याखाली आणि डोकं खाली जमिनीवर. हे बघायला साधं वाटतं पण माझ्याकडे येणारे मानेचे पेशंट बघितले की कळतं किती महत्त्वाचं आहे. (ते बरेचसे टीव्हीवर बघून करणारे असतात.)

आणि एक, एका वेळी एकच गोष्ट सांगा. तुम्ही ताडासनात पाच सूचना लिहिल्यात, मी मोजल्या. माझ्या पेशंटला मी दोन सांगितल्या की तो पहिली विसरतो. सोमवारी फक्त टाचा, बाकी चुकलेलं दिसलं तरी गप्प बसायचं, जीभ चावायची.

पेठेतला_म्हातारा

आलो परत. सांधेदुखी यांनी सामानाचं अगदी बरोबर धरलं, त्याच धाग्याने पुढे जातो.

१९३७ ला गुरुजी पुण्यात आले, वय अठरा. त्याआधी गुरूंबरोबर उत्तर कर्नाटकात दौरा झाला होता, तिथे बायकांना शिकवायला कोणाला पाठवायचं तर सगळ्यात लहान म्हणून ह्यांना पाठवलं. बेळगावला सिव्हिल सर्जन असलेले डॉ. गोखले पुढे पुण्यात आले, त्यांच्या पुढाकाराने डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी बोलावणं आलं. मराठी येत नाही, इंग्रजी मोडकंतोडकं, मॅट्रिकला इंग्रजीतच नापास झालेले. आणि समोर कोण, तर कॉलेजची मुलं, वयाने ह्यांच्यापेक्षा मोठी, व्यायाम केलेली, चांगल्या घरची. आणि हे शेंडी ठेवलेले, बारीक, परप्रांतातले. तुम्हाला पुणेकर माहितीयेत.

मग काय, प्रात्यक्षिक हे करायचे आणि व्याख्यान डॉक्टर द्यायचे. शरीर समजावून सांगायचं काम माझ्याकडे, तू आसन कर, असा सौदा. माझ्या मते ह्यांचं खरं शिक्षण ते आहे. शेजारी सर्जन उभा राहून तुमच्याच शरीराकडे बोट दाखवत अमुक हाड, तमुक स्नायू सांगतोय. आणि गुरू सोडून आलेले, विचारायला कोणी नाही, तर स्वतःच्याच अंगावर प्रयोग, दिवसाला दहा दहा तास. खायचे वांधे, भात मिळाला तर मिळाला, नाहीतर चहा. सायकलवरून शिकवण्यांना जायचे.

तेव्हा ताई, अठराव्या वर्षी त्यांच्याकडेही कोणी रांगा लावत नव्हतं. वर्गाला लोक यायचे आणि जायचे. जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन भेटले १९५२ ला, म्हणजे पुण्यात येऊन पंधरा वर्षं झाल्यावर. तो मुंबईत आलेला, झोप नाही, थकवा, ह्यांना वेळ मिळाली पाच मिनिटांची आणि भेट चालली काही तास. ह्यांनी त्याला काय केलं, तर आसनं करायला नाही लावली, आडवं करून झोपवलं! पुढे दोन वर्षांनी त्याने स्वित्झर्लंडला बोलावलं, घड्याळ दिलं, त्यावर कोरलेलं की माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकास.

तुमच्या घामवाल्या काकांचं दुखणं काय आहे विचारलंत का कधी? मेन्युहिनला व्हायोलिनसाठी खांदे हवे होते, राणीला उलटं व्हायचं होतं.

कडकपणाबद्दल चिमटा बोलले ते नाकारत नाही. पण मी जे बघितलं त्यात एक गोष्ट होती, आमच्या वर्गात शिक्षक सूचना देऊन पुढे जात नसत, आसन स्वतः चुकीचं करून दाखवायचे, अगदी तुमच्यासारखं वेडंवाकडं, मग बरोबर. सगळे हसायचे, ज्याची चूक तो पण. गीताताईंचा आवाज तर हॉलच्या पार मागच्या खांबापर्यंत जायचा, पण त्या लहानपणी मूत्रपिंडाच्या आजारातून योगानेच उठलेल्या, बायकांच्या पाळीच्या दिवसांत काय करायचं, काय नाही, हे त्यांनी जेवढं बारकाईने बसवलं तेवढं मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही. माझी बायको त्यांच्या वर्गाला होती, ती ओरडा खाऊन घरी यायची आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी तयार.

वऱ्हाडी_ठेचा

नागपूरवरून एक. आमच्याकडे जनार्दनस्वामींचं योगाभ्यासी मंडळ आहे रामनगरला, पूर्ण फुकट. माझे बाबा, आजोबा तिथेच शिकले. तिथं ना लोड ना खुर्ची, सतरंजी घरून न्यायची आणि समोर जे शिकवतात ते पण आपल्यातलेच, कोणी बँकेतून रिटायर, कोणी मास्तर. माझ्या बाबांनी वीस वर्षं क्लास घेतला, आवाज चढवलेला मला आठवत नाही, पण एखादा चार दिवस दिसला नाही की सायकल काढून त्याच्या घरी जायचे. का झालं गा, बरा आहे ना?

ताई, त्या गुडघ्यावाल्या काकूंकडे गेल्या का तुम्ही?

शवासनप्रेमी_डोंबिवली

वऱ्हाडी, तुमची शेवटची ओळ वाचून फोन बाजूला ठेवला दहा मिनिटं. नाही गेले. चौथा मजला, माझा दुसरा, दोन जिने.

सगळ्यांना थँक्यू, चिमटा तुम्हाला पण (गवयाचं लागलं, पण बरोबर आहे). सामानाचं खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. माझ्या बाईंकडे सगळं भरलेलं होतं, दोर पण, माझ्याकडे क्लबहाऊसमध्ये कॅरम बोर्ड आणि गणपतीचं मखर. पंधरा जणांना फोमच्या विटा घ्यायच्या तर बजेट नाही, सोसायटी देणार नाही.

अजून एक विचारते, मला लोक सारखं विचारतात सर्टिफिकेट आहे का. इथे कोणी दोनशे तासांचा कोर्स केलाय का ऋषिकेशला वगैरे, महिनाभरात होतो म्हणे.

सांधेदुखी_नाशिक

महिनाभरात तुम्हाला आसनांची नावं संस्कृतमध्ये पाठ होतील. अय्यंगार पद्धतीत तर आधी काही वर्षं नुसतं शिकायचं, मग कोणाच्या तरी हाताखाली, मग परीक्षा, तुमची सहा वर्षं तिकडे मोजली जातील, तुमच्या बाईंनाच विचारा. सरकारी हवं असेल तर आयुष मंत्रालयाचं योगा सर्टिफिकेशन बोर्ड आहे, त्यांच्या वेगवेगळ्या लेव्हल आहेत, सोसायटीच्या कमिटीला तो कागद दाखवायला बरा.

विटा: लाकडी करून घ्या सुताराकडून, नऊ बाय साडेचार बाय तीन इंच, कडा घासून गोल. पट्ट्याला जुन्या सुती साडीची पट्टी चालते. लोड घरोघरी असतात, नसेल तर चादरीची वळकटी. १९३७ ला काय फोमच्या विटा होत्या का?

शवासनप्रेमी_डोंबिवली

तीन आठवड्यांनी अपडेट देतीये कारण दोघातिघांनी मेसेज करून विचारलं.

काकूंकडे गेले. दार उघडलं, मी काही बोलायच्या आधी म्हणाल्या, अगं माझा तो गुडघा दोन वर्षांपूर्वी रिक्षातून पडले तेव्हाचा आहे, तो सरळ होतच नाही, मला सगळ्यांसमोर सांगायला कसंतरी वाटलं. आणि मी चार वेळा सांगितलं होतं सरळ करा सरळ करा. चहा झाला. आता त्या येतात, गुडघ्याखाली नॅपकिनची गुंडाळी घेऊन, पाय लांब करून दंडासनात बसतात, भिंतीला पाठ. डॉक्टरांनाही दाखवून घेतलं, जिने उतरणं सोडून बाकी चालेल म्हणाले.

सुरुवातीला दहा मिनिटं सूर्यनमस्कार चालू केले, घामवाले काका खूश. आठवडाभराने त्यांना बाजूला घेऊन विचारलं तर निघालं की रात्री झोप लागत नाही, रिटायर झाल्यापासून, म्हणून स्वतःला दमवायला येतात. मग शेवटी त्यांना पाय खुर्चीवर ठेवून, डोळ्यांवर रुमाल टाकून झोपवते. परवा घोरले. बाकीचे हसायला लागले, मी कोणाला उठवू दिलं नाही, पावणेआठपर्यंत झोपले तिथेच आणि मग कॅरमवाल्या पोरांनी उठवलं.

ताडासनात रोज एकच गोष्ट. काल फक्त टाचा होत्या. काकांचे खांदे कानाला लागलेले दिसत होते, जीभ चावली.

आकडा नऊवर आलाय, सासू सासरे धरून.

खुर्च्यांचं जमलं ते सांगते, कोणाला उपयोग होईल. आमच्या गणपतीच्या मंडपवाल्याकडे जुन्या घडीच्या लोखंडी खुर्च्या पडून होत्या, पाठीचा पत्रा गंजलेला, भाड्याने जात नव्हत्या. सहा घेतल्या. स्टेशनजवळच्या वेल्डिंगवाल्याने पाठीचा पत्रा कापून चौकट मोकळी करून दिली (आसनांत पाय त्यातून आत घालता यावेत म्हणून), कडा घासून दिल्या. त्याला चार वेळा सांगितलं की बसायच्या पत्र्याला हात लावायचा नाही, फक्त पाठ काढायची. तो म्हणाला, ताई, पाठ काढली तर माणूस टेकणार कशाला?